"तिथं आहेच कोण, गायरानच तर आहे": डेपोशेजारची माणसं मोजायची कशी?

दुधनाकाठ

नमस्कार मंडळी. बरेच दिवस नुसतं वाचतोय, धागा पहिल्यांदाच काढायलोय, लांबला तर सांभाळून घ्या.

आमचं गाव जालना जिल्ह्यातलं तालुक्याचं ठिकाण. नाव मुद्दाम लिहीत नाही, कारण अजून काही कागद हातात यायचेत. गावाचा कचरा डेपो गायरानात आहे आणि डेपोच्या पलीकडच्या अंगाला साठ-सत्तर घरांची वस्ती आहे. मातंग आणि बौद्ध घरं जास्त, चार-पाच पारध्यांची, अन् खाली ओढ्याच्या कडेला भंगाराचं काम करणारी मुसलमान कुटुंबं. आता डेपो वाढवायचा घाट घातलाय आणि शेजारच्या औद्योगिक वसाहतीतला माल ठेवायला शेड उभं करायचं अशीपण चर्चा आहे. मी मीटिंगला गेलो होतो. वस्तीचं काय असं एकानं विचारलं तर पुढून उत्तर आलं, "तिथं आहेच कोण, गायरानच तर आहे."

हे वाक्य डोक्यातून जाईना म्हणून रविवारी वस्तीवर गेलो. एका मावशीच्या दारात दोन निळे ड्रम, पाण्यानं काठोकाठ भरलेले, वरून फडकं बांधलेलं. टँकर आठ दिवसाला येतो तर ड्रम लागतोच. एका ड्रमवर अर्धं खरवडलेलं स्टिकर होतं आणि त्यात कवटीचं चित्र स्पष्ट दिसत होतं. मी विचारलं मावशी हे कुठून आणलं, तर म्हणाली, "भंगारवाल्याकडून, चारशेला, तीनदा राखंनं घासून धुतलाय बाळा, आता वास येत नाही." माझ्यासमोर तिनं त्यातलंच तांब्याभर पाणी काढून नातवाला दिलं. मी काहीच बोलू शकलो नाही.

माझा प्रश्न सरळ आहे. डेपोच्या आजूबाजूला किती लोक राहतात, कोण राहतात, कधीपासून राहतात हे असं मोजायचंय की पुढच्या मीटिंगला "आहेच कोण" म्हणायची कोणाची छाती होणार नाही. कसं करू? कोणी केलंय का असं?

वाळूज_शिफ्टवाला

दादा आधी ड्रमचं बोलतो कारण ते लगेच करण्यासारखं आहे. मी वाळूजला कंपनीत वीस वर्षं काम करायलोय, त्यातली सहा स्टोअरला. केमिकलचा रिकामा ड्रम हा नुसतं भंगार नसतो, घातक कचऱ्याच्या २०१६ च्या नियमांत पहिल्या अनुसूचीमध्ये ३३.१ नंबरला तो सरळ लिहिलेला आहे, घातक रसायन लागलेले रिकामे बॅरल अन् डबे. म्हणजे कंपनीनं तो अधिकृत ठिकाणीच पाठवायचा, सोबत फॉर्म १० म्हणजे मॅनिफेस्ट (माल कुठून कुठं चालला त्याचा कागद), त्याच्या रंगीत प्रती, एक प्रत प्रदूषण नियंत्रण मंडळाला. आणि घातक कचरा कंपनीच्या आवारात ९० दिवसांच्यावर ठेवता येत नाही. हे सगळं कागदावर. प्रत्यक्षात मी स्वतः पाहिलंय की संध्याकाळी गेटवर छोटा हत्ती लागतो, ड्रम मोजून जातात, दुसऱ्या दिवशी तेच ड्रम रोडच्या कडेला उभे, धुतलेले, विकायला. उन्हाळ्यात तर मराठवाड्यात प्रत्येक गावात रांगेनं दिसतात. आतल्या प्लास्टिकमध्ये काही रसायनं शोषली जातात, राखेनं घासून ती निघत नाहीत. मावशीला म्हणा तो ड्रम प्यायच्या पाण्याला अजिबात नको, दुसरा खाण्याच्या मालाचा मिळाला तर बघा, मी पण बघतो इकडं.

शेडचं म्हणाल तर विचारा की परवानगी कशाची आहे. घातक कचरा पुरायच्या किंवा जाळायच्या सामाईक जागा राज्यात हाताच्या बोटावर मोजण्याइतक्या आहेत, तळोजा, बुटीबोरी, पुण्याजवळचं रांजणगाव (आपलं वाळूजजवळचं रांजणगाव शेणपुंजी नव्हे). नगरपरिषदेच्या डेपोत असला माल ठेवायची सोयच कायद्यात नाही.

नारेगाव_रस्ता

आमच्या शहराचं, म्हणजे औरंगाबादचं (आताचं छत्रपती संभाजीनगर) सांगतो म्हणजे मोजणी का महत्त्वाची ते कळेल. नारेगावचा डेपो तीसेक वर्षं चालला. रोज चारशे टनांच्या आसपास कचरा, वर्गीकरण नाही, कंपोस्ट नाही, नुसता ढीग. उन्हाळ्यात आग लागायची अन् तो धूर पंधरा-पंधरा दिवस जायचा नाही, दोरीवरच्या कपड्यांना वास, पोळीला वास. पावसाळ्यात ढिगाखालून चहासारखं काळं पाणी निघायचं. मांडकी, गोपाळपूर या गावांच्या लोकांनी किती निवेदनं दिली असतील. शेवटी फेब्रुवारी २०१८ मध्ये लोक रस्त्यावर बसले अन् एकही गाडी आत जाऊ दिली नाही. तेव्हा कुठं शहराला कळलं की आपला कचरा रोज कोणाच्या तरी दारात जात होता. शहरात महिनोन्महिने कचरा साचला, हायकोर्टानं नारेगावला कचरा टाकायला बंदी केली, मार्चमध्ये मिटमिट्याला गाड्या नेल्या तर दगडफेक, लाठीमार, सगळं झालं. पोलीस आयुक्तांना सक्तीच्या रजेवर पाठवावं लागलं.

आता मुद्दा असा की मांडकी अन् गोपाळपूर ग्रामपंचायतीत. महापालिकेच्या कोणत्याच वॉर्डात नाहीत. ज्यांच्या नाकात धूर जातो ते त्या शहराचे मतदारच नाहीत. त्यामुळं महापालिकेच्या आकड्यात वॉर्ड म्हणून बघाल तर तिथं माणसं कमी दिसणारच, कारण बाकीची माणसं रेषेच्या पलीकडं आहेत.

आकडेमोड

वर नारेगाव_रस्ता यांनी जे सांगितलं ना, नेमक्या याच गोष्टीवर अमेरिकेत मोठा वाद झालेला आहे. मी अंबाजोगाईला कॉलेजात शिकवते, हा माझ्या अभ्यासाचा विषय, थोडं सविस्तर लिहिते.

१९७८ मध्ये नॉर्थ कॅरोलायना राज्यात काही लोकांनी पीसीबी हे विषारी रसायन मिसळलेलं तेल रात्री-अपरात्री रस्त्यांच्या कडेनं ओतलं, सुमारे २४० मैल. ती माती खरवडून कुठंतरी पुरायची होती. सरकारनं वॉरन काउंटी निवडली, गरीब आणि बहुसंख्य काळ्या लोकांची. १९८२ मध्ये ट्रक आले तेव्हा लोक रस्त्यावर आडवे झोपले, पाचशेच्या वर माणसं अटकेत गेली. डेपो थांबला नाही. पण त्यामुळं पहिल्यांदा कोणीतरी बसून मोजलं. १९८३ च्या सरकारी अहवालात निघालं की आग्नेय भागातल्या अशा चार मोठ्या जागांपैकी तीन ठिकाणी काळ्या लोकांची बहुसंख्या आहे. त्याआधी १९७९ ला ह्यूस्टनमध्ये रॉबर्ट बुलार्ड या समाजशास्त्रज्ञानं एका खटल्यासाठी हेच काम केलं होतं. तेव्हा कॉम्प्युटरचे नकाशे नव्हते, तो आणि त्याचे विद्यार्थी पत्ते शोधत फिरले. शहराच्या मालकीचे पाचही डेपो काळ्यांच्या वस्तीत निघाले, लोकसंख्येत काळे लोक मात्र चारात एक. तरी खटला हरले. १९८७ ला एका चर्च संघटनेनं देशभराचा अभ्यास केला, त्यात उत्पन्नापेक्षाही वंश हा जास्त ठळक धागा निघाला.

मग १९९४ मध्ये दुसऱ्या अभ्यासकांनी जनगणनेचे भाग घेऊन गणित केलं आणि म्हणाले फरक काही दिसत नाही. दहा वर्षं यावर घोळ चालला. शेवटी पॉल मोहाई आणि रॉबिन साहा या दोघांनी २००६ मध्ये दाखवलं की गफलत मोजण्याच्या पद्धतीत आहे. आधीचे लोक ज्या भागात डेपो पडतो तेवढाच भाग धरत होते. पण बरेच डेपो भागाच्या सीमेला चिकटून असतात, पलीकडची वस्ती दुसऱ्या भागात जाते आणि ती "डेपो नसलेला भाग" म्हणून मोजली जाते! त्यांनी डेपो मध्यभागी धरून वर्तुळ काढलं आणि फरक लगेच वर आला. २००७ च्या अहवालात तीन किलोमीटरच्या आतली माणसं मोजली तर नव्वद लाखांच्या वर भरली, त्यात गोरे नसलेले ५६ टक्के, जिथं डेपो नाही तिथं हेच प्रमाण ३० टक्के.

तर दुधनाकाठ, वॉर्ड धरू नका, प्रभाग धरू नका. डेपोच्या मधोमध खुंटी ठोका आणि वर्तुळ काढा. अर्धा किलोमीटर, एक, तीन. मोबाईलच्या नकाशावर अंतर मोजता येतं. त्या वर्तुळात जेवढी छपरं दिसतील तेवढ्या घरी जायचं, मग ते छप्पर कोणाच्याही हद्दीत असू दे.

कांचनवाडी_रोहाऊस

माफ करा पण एक बाजू राहायलीय. २०१८ नंतर शहराचा कचरा चार ठिकाणी वाटला, चिकलठाणा, पडेगाव, हर्सूल आणि आमची कांचनवाडी. आमच्याकडं बायोगॅसचा प्लांट आलाय. इथं नोकरदार लोक राहतात, आम्ही कर्ज काढून घरं घेतली, आम्हालाही वास येतो. प्रत्येक ठिकाणी जात घालायची गरज आहे का? आणि दुसरं, नारेगावकडं लोक डेपो असताना जाऊन राहिले ना? स्वस्त प्लॉट मिळाले म्हणून गुंठेवारीत घेतले, बाँडवर घेतले. मग डेपोनं अन्याय केला असं कसं म्हणायचं? मनापासून विचारतोय, भांडायला नाही.

नारेगाव_रस्ता

तुमचा वास खरा आहे, नाही कोण म्हणतंय. पण तुमच्याकडं आला तो ३० टनांचा बंदिस्त प्लांट, आमच्याकडं तीस वर्षं उघडा ढीग होता. तुम्ही तक्रार केली की दुसऱ्या दिवशी इंजिनिअर येतो. एवढाच फरक बघा.

आकडेमोड

कांचनवाडीचा प्रश्न चांगला आहे आणि जुना आहे. विकी बीन नावाच्या कायद्याच्या प्राध्यापिकेनं १९९४ च्या सुमारास हाच मुद्दा काढला होता, आधी डेपो की आधी माणसं, डेपो आल्यावर भाव पडतो आणि गरीब लोक तिथं येतात असंही होऊ शकतं. प्रश्न रास्त होता म्हणून पुढं लोकांनी तो तपासला. मोहाई-साहांनी २०१५ मध्ये तीस वर्षांच्या जागा तारखेनिशी बघितल्या तर निघालं की डेपो आल्यावर थोडे बदल होतात, पण मुळात डेपो ठेवतानाच गरीब आणि अल्पसंख्य वस्ती निवडली गेली होती, त्यातही जिथून सुखवस्तू लोक आधीच निघून चालले होते अशी.

आणि एक तिसरा प्रकार असतो जो आपल्याकडं जास्त दिसतो. माणसं तिथं स्वतःहून जात नाहीत, त्यांना नेऊन टाकतात. मुंबईत माहुल बघा. तानसा जलवाहिनीवरच्या झोपड्या पाडल्या आणि हजारो लोक रिफायनरीच्या शेजारच्या इमारतींत नेऊन ठेवले. शेवटी २०१९ मध्ये हायकोर्टाला सांगावं लागलं की यांना दुसरीकडं घर द्या, नाहीतर महिना पंधरा हजार भाडं द्या. तिथं कोण आधी आलं या प्रश्नाला अर्थच नाही.

गुंठेवारीचंही तसंच आहे. शहरात कामाला माणूस पाहिजे पण त्याला झेपेल असा कायदेशीर प्लॉट नाही, मग तो जाणार कुठं?

परळीची_लेक

आमच्याकडं कचरा नाही पण राख आहे. थर्मल वीज केंद्राची राख. दाऊतपूर, दादाहरी वडगाव या बाजूला तळी आहेत. वारं सुटलं की ज्वारीच्या पानावर पांढरा थर बसतो, आई वाळवणं घालायची बंद झाली, पापड-कुरडया आता मावशीकडं गावाला जाऊन करतात. राखेला घातक कचऱ्याच्या नियमांत धरत नाहीत, तिचं वेगळं नोटिफिकेशन आहे १९९९ पासून. म्हणजे कागदावर आमच्या शेजारी घातक काहीच नाही. तेव्हा यादी करताना नुसतं "घातक" असा शिक्का असलेलंच धरू नका एवढंच सांगायचं होतं.

आशाताई_लातूर

मी आशा कार्यकर्ती आहे. डेपोजवळच्या वस्तीवर माझं काम असतं (आमच्याकडं वरवंटीला डेपो आहे, तिथलं नाही सांगत, माझ्या भागातलं सांगते). दादा तुम्ही घरोघरी जाणार असाल तर एक ऐका. दारात उभं राहून "तुम्हाला काय त्रास होतो" विचारलं तर कोणी सांगत नाही. बाया म्हणतात काही नाही ताई, बरं चाललंय. कारण त्यांचं पोटच डेपोवर असतंय, प्लास्टिक वेचायचं, तांबं वेचायचं, वायर जाळून तार काढायची. डेपो बंद करा असं म्हणलं की त्यांना वाटतं हा आपली भाकरी काढून घ्यायला आलाय. त्यांच्या हातमोज्याचं, पाण्याचं, ओळखपत्राचं आधी बोला. घनकचरा नियमांत कचरावेचकांना ओळखून कामात सामावून घ्या असं लिहिलंय, ते कोणी सांगतच नाही त्यांना.

अन् पाणी कुठून आणता, लेकरू शाळेत किती दिवस गेलं, अंगावर खाज कधीपासून, असं विचारा. सुईचं पण विचारा. माझ्या वस्तीत एका पोरीच्या तळपायात इंजेक्शनची सुई मोडली होती, दवाखान्याचा कचरा वेगळा जायला पाहिजे तो ढिगात आला होता. तिच्या आईनं मला चार महिन्यांनी सांगितलं. का तर "तुम्ही रागवाल म्हणून".

वाळूज_शिफ्टवाला

ताई वाचून पोटात कालवलं.

दुधनाकाठ

सगळ्यांचे आभार. आकडेमोड मॅडम, वर्तुळ काढलं. अर्ध्या किलोमीटरमध्ये पूर्ण वस्ती येते आणि शिवाय पलीकडच्या गावच्या शिवारातली वीसेक घरं, जी माझ्यापण डोक्यात नव्हती. एक अडचण. नियमांत लँडफिलपासून वस्ती २०० मीटर लांब पाहिजे असं आहे. मी विचारलं तर म्हणे अंतर गावठाणापासून धरलंय, वस्ती गावठाणात नाही, ते अतिक्रमण आहे. म्हणजे माणूस आहे, घर आहे, मतदान कार्ड आहे, पण अंतर मोजताना तो नाही!

आकडेमोड

नियमात शब्द वस्ती आहे, गावठाण नाही. हे लेखी विचारा, तोंडी नको. २०११ च्या जनगणनेत गाव आणि वॉर्डनिहाय अनुसूचित जाती-जमातीचा आकडा मिळतो, तो काढून ठेवा, तुमच्या घरोघरच्या आकड्याशेजारी ठेवायला. धर्माचा आकडा इतक्या खालपर्यंत देत नाहीत, तो तुम्हालाच विचारावा लागेल. आणि शेडला जर पर्यावरण मंजुरी लागत असेल तर २००६ च्या अधिसूचनेप्रमाणं जनसुनावणीही घ्यावी लागू शकते, तीस दिवस आधी नोटीस, जिल्हाधिकारी किंवा त्यांचा प्रतिनिधी समोर. तिथं बोललेलं इतिवृत्तात येतं.

अजून एक उदाहरण लक्षात ठेवा. भोपाळच्या कारखान्यातला ३३७ टन कचरा चाळीस वर्षं पडून होता, आणि १९८४ ला मेले ते बहुतेक भिंतीलगतच्या झोपडपट्ट्यांतले. १ जानेवारी २०२५ च्या रात्री तो बारा कंटेनरमधून पीथमपूरला नेला, तर तिथले लोक रस्त्यावर आले. जाळायचा प्लांट तारापूर गावाच्या अगदी कडेला. एका गरीब वस्तीच्या उशाचा कचरा उचलून दुसऱ्या गावाच्या उशाला. म्हणून शेड "इथं नको" एवढंच म्हणू नका, तो माल मुळात कुठून येतो आणि कुठं जायला पाहिजे तेही मागा.

निवृत्त_तलाठी

धागा उशिरा वाचला. बत्तीस वर्षं तलाठी होतो, तीन जिल्ह्यांत. "अतिक्रमण" शब्दावर लिहितो, कारण या शब्दानं फार माणसं गप्प केलीत.

मराठवाड्यात गायरानावर भूमिहीन दलितांनी जमीन कसायला सुरुवात केली ती आजकालची नाही. दादासाहेब गायकवाडांचे भूमिहीनांचे सत्याग्रह १९५९ अन् १९६४ चे. आपल्याकडं कित्येक कुटुंबं तेव्हापासून कसतात. सरकारनं २८ नोव्हेंबर १९९१ ला जीआर काढला, १४ एप्रिल १९९० पर्यंतची मागासवर्गीय भूमिहीनांची अतिक्रमणं नियमित करा म्हणून. किती झाली? माझ्या सजात (माझ्याकडच्या गावांत) अर्ज आले, पंचनामे मीच केले, फाइली वर गेल्या अन् तिथंच राहिल्या. ते माझ्या मनाला अजून लागून आहे. मग २०११ ला सुप्रीम कोर्टाचा जगपालसिंग निकाल आला, गायरानं वाचवा म्हणणारा, चांगलाच निकाल आहे, त्यात भूमिहीन अन् अनुसूचित जाती-जमातीच्या पट्ट्यांना अपवाद पण ठेवलाय. पण गावात तो दाखवला जातो तो गरिबाला उठवायला. डेपोला जागा देताना तोच निकाल कोणाला आठवत नाही.

आता कामाचं. तहसीलमधून गाव नमुना १-ई मागा. ती अतिक्रमणाची नोंदवही. त्यात वर्ष, नाव, क्षेत्र, पीक असतं. लोक तिला घाबरतात पण ती त्यांच्याच बाजूची साक्ष आहे, कारण सरकारनं स्वतःच्या हातानं लिहिलंय की हा माणूस या साली इथं होता. सोबत त्या गटाचा ७/१२, आणि जुना पाहिजे असेल तर १९५४-५५ चं खासरा पत्रक. आणि डेपोला जागा दिल्याचा आदेश, त्याची तारीख. या तारखा शेजारी ठेवल्या की आधी कोण ते कळतं.

अजून एक. वस्तीवर म्हाताऱ्या माणसांना विचारा, दंडाच्या पावत्या ठेवल्यात का. अतिक्रमणाचा दंड भरून घेऊन आम्ही पावती द्यायचो. शहाणी माणसं ती जपून ठेवतात.

कांचनवाडी_रोहाऊस

हे मला माहीतच नव्हतं. मी जे "नंतर जाऊन राहिले" म्हणालो ते सगळीकडं लागू नाही, मागं घेतो. दुधनाकाठ, मी ऑटोकॅडचं काम करतो. वर्तुळाचा नकाशा व्यवस्थित काढून देतो, प्रिंटसकट, व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा.

दुधनाकाठ

आज परत गेलो होतो. ड्रमचं आधी, वाळूजच्या दादांनी खाण्याच्या तेलाचे दोन ड्रम पाठवले, मावशीनं जुने बाजूला केले, एकात आता माती भरून कढीपत्ता लावलाय. कढीपत्ता पण नको म्हणलो, तर गुलाब लावते म्हणाली.

मग पावत्यांचं विचारलं. मावशी आत गेली, लोखंडी पेटी ओढली, त्यात लुगड्याच्या खाली दुधाच्या पिशवीत गुंडाळलेलं पुडकं. सासऱ्यानं ठेवलेलं. एकोणीस पावत्या निघाल्या. सगळ्यात जुनी १९७९ ची, सात रुपये, शिक्का पुसट झालाय पण तारीख वाचता येते. डेपोला जागा दिल्याचा ठराव १९९६ चा आहे. मावशीला वाचता येत नाही, तिनं विचारलं ह्यात काय लिहिलंय, मी म्हणलो तुमच्या सासऱ्याचं नाव आहे. तिनं पावती हातात घेतली अन् बराच वेळ नुसती धरून बसली. मग शेजारच्या दोन घरांतून पण पुडकी आली.

घडीवर कागद फाटायलेत. उद्या लॅमिनेशन करून घेऊ का?

निवृत्त_तलाठी

लॅमिनेशन अजिबात करू नका, मूळ कागदाची शाई-शिक्का तपासायची वेळ आली तर अडचण होते. आधी दोन्ही बाजूंचे फोटो काढा, मग रंगीत झेरॉक्स, मूळ पावती कोऱ्या कागदाच्या घडीत सपाट ठेवून फाइलला लावा अन् फाइल मावशीच्या पेटीतच राहू द्या, तुमच्या घरी नेऊ नका. १-ई चा अर्ज मी लिहून देतो. सोमवारी तहसीलला या, मी सकाळी साडेदहाला गेटवर असतो.